दर दोन तासांनी कूस

जुन्या आजारांच्या आपल्या मालेत मागच्या वेळी देवीच्या लसीची गोष्ट झाली. आज पाठीच्या कण्याची, आणि जाता जाता मेंदूचीही.

हा विषय आम्ही घेतला तो तुमच्या फोनांमुळे. कुणाच्या सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलेलं असतं. कुणाचा भाऊ विहिरीच्या कामावर पडलेला असतो. कुणाच्या जावेचे पाय दोन महिन्यांत हळूहळू गेलेले असतात. सगळं सांगून झालं की शेवटी एकच विचारणं असतं, "माणूस परत चालेल का हो?" आम्ही काही डॉक्टर नव्हे, आणि रेडिओवरून कुणाला तपासताही येत नाही. पण हाच प्रश्न माणसं हजारो वर्षं विचारत आली आहेत. त्याचं उत्तर कसं बदलत गेलं आणि ते कुणी बदललं, हे आम्ही बसून वाचून काढलं. वाचताना एक गोष्ट मनात पक्की झाली. पाय जाणं आणि माणूस जाणं हे फार काळ एकच समजलं गेलं, आणि तो समजच पुष्कळांच्या जिवावर उठला.

या प्रश्नाचं सगळ्यात जुनं लेखी उत्तर इजिप्तमधलं आहे. १८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लक्सर गावात पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. पपायरस म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेला कागद. गुंडाळी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, आणि तीही आणखी जुन्या लिखाणावरून उतरवलेली. १९३० मध्ये जेम्स ब्रेस्टेड या अभ्यासकांनी तिचं भाषांतर छापलं, तेव्हा जगाला कळलं की आत ४८ दुखापतींची नोंद आहे, डोक्यापासून सुरू करून खाली खाली. प्रत्येक दुखापतीपुढे वैद्य आपला निकाल देतो. निकाल तीनच प्रकारचे: उपचार करता येईल, झुंजून बघता येईल, आणि उपचार नाही. मानेचा मणका सरकलेल्या माणसाला आपले हातपाय आहेत हेच कळत नाही, लघवी नकळत ठिबकते, असं तो लिहितो. निकाल तिसरा.

आम्हाला त्या वैद्याचा राग आला नाही. त्याने पाहिलं अगदी बरोबर होतं. मार मानेला, आणि गेले पाय, गेली लघवीची जाणीव, हा धागा त्याला दिसला होता. हातात काही नसताना खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं. पुढच्या ग्रीक वैद्यांना मात्र गप्प बसवेना. पाठीला कुबड आलेल्या माणसाला शिडीला उलटं बांधायचं, शिडी उंच उचलायची आणि धाडकन खाली सोडायची, अशी एक रीत त्यांच्याकडे होती. झटक्याने मणका जागेवर बसेल ही कल्पना. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात ही रीत सांगितली आहे, पण असले खेळ करणारे वैद्य बहुधा गर्दी जमवायलाच करतात, अशी चपराकही त्यातच आहे. बाजाराच्या दिवशी मणके बसवून देणारे आपल्याकडेही भेटतात, बरं का.

पुढची मोठी उकल गेलनने केली. दुसऱ्या शतकातला हा वैद्य, आधी ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधून हात बसलेला, मग रोमला आलेला. मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली जाणारी एक मऊ दोरी असते, साधारण करंगळीएवढी जाड. तो मज्जारज्जू. मेंदूचा हुकूम त्यातूनच खाली जातो आणि पायात काटा मोडल्याची खबर त्यातूनच वर येते. गेलनने जनावरांवर प्रयोग करून दाखवलं, की ही दोरी जिथे आडवी कापावी तिथून खालचं अंग जातं, आणि अगदी वर मानेपाशी कापली तर श्वासच थांबतो. म्हणजे काय गेलं यावरून दुखणं कुठे आहे ते ओळखता येतं. आजही डॉक्टर टाचणीने पायापासून वर टोचत येतात आणि "इथे कळतंय का?" विचारतात, ते याच हिशेबाने.

गेलनचीच एक गोष्ट आम्हाला फार आवडली. पॉसेनियस नावाचा एक विद्वान त्याच्याकडे आला. त्याची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट अर्धं, एवढंच बधिर झालं होतं. बाकीचे वैद्य बोटांना लेप लावून थकले होते. गेलनने बोटं बाजूला ठेवली आणि विचारपूस सुरू केली. तेव्हा कळलं, की हा गृहस्थ काही दिवसांपूर्वी गाडीतून पडला होता आणि पाठीचा वरचा भाग दगडावर आपटला होता. गेलनने औषध बोटांना न लावता पाठीला लावलं, आणि बोटं सुधारली. औषधाने सुधारली की आपली आपण, ते सोडून देऊ. पण दुखणं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, हे इतक्या जुन्या काळी कुणीतरी नुसतं विचारून शोधून काढलं, याचं आम्हाला अप्रूप वाटलं.

यानंतर बरीच शतकं फारसं काही नवं घडलं नाही. आपण एकदम १७७९ सालच्या लंडनला जाऊ. तिथल्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलातले शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी एक छोटंसं पुस्तक काढलं. विषय एकच, पाठीला बाक येऊन पाय जाण्याचा आजार. पॉट यांची नजर बारीक होती. चांगलं चालणारं मूल अडखळायला लागतं, पायात पाय अडकतात, मग पाय ताठ होत जातात. पाठीच्या मधोमध एखादा मणका वर आलेला दिसतो. घरचे म्हणतात, कुठेतरी पडलं असेल. पॉट म्हणाले, पडण्याबिडण्याचा संबंध नाही, मणक्याचं हाडच आतून सडतंय. त्या काळी अशा मुलांना लोखंडी पट्ट्यांच्या काचोळ्या घालत, टांगून ठेवत, स्क्रू लावलेल्या खुर्च्यांत बसवत. हे सगळं कुचकामी आहे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

पण स्वतः पॉट यांनी काय केलं? पाठीच्या गळवातून पू वाहून गेला की पाय सुधारतात, असं जुन्या ग्रीक ग्रंथात आहे हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी कुबडाच्या दोन्ही अंगांना मुद्दाम जखमा करून त्या महिनोन्‌महिने वाहत्या ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या डागण्यांचीच ही भावंडं. काही रुग्णांचे पाय परत आले, आणि जखमांनीच आले असं पॉट यांनी धरलं. पाहणं इतकं चोख, आणि इलाज असा! तरी त्यांचं नाव राहिलं. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या कागदावर 'पॉट्स स्पाइन' असं लिहिलेलं दिसलं, तर ते नाव या लंडनच्या पॉटसाहेबांचं.

आजार मात्र त्यांच्याहून फार जुना. इजिप्तमधल्या नेस्पेरेहान नावाच्या पुजाऱ्याच्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममीत असाच खचलेला कणा आणि पुवाच्या गळवाची खूण सापडली. हाड सडवणारं होतं तरी काय, ते २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तेव्हा उलगडलं. क्षय म्हणजे टीबी. छातीतला जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसतो. मणका पुढून खचतो, म्हणून पाठीला टेंगूळ येतं. आणि पू मागे सरकून मज्जारज्जूला दाबत राहतो. मैत्रिणींनो, दाबलेली दोरी म्हणजे तुटलेली दोरी नव्हे. या आजारात गेलेले पाय पुष्कळदा परत येतात, ते याचमुळे.

कुणाचे येतात आणि कुणाचे नाही, हेही हळूहळू कळत गेलं. १९५६ मध्ये ग्रिफिथ्स, सेडन आणि रोफ या तिघा ब्रिटिश डॉक्टरांनी या लुळेपणावर पुस्तक लिहिलं आणि त्याचे दोन गट पाडले. आजार जोरात असताना, पहिल्या दोन वर्षांत पाय गेले तर तो एक गट. आजार जुना झाल्यावर, कुबड मज्जारज्जूत रुतून पाय गेले तर तो दुसरा. पहिल्या गटाला आशा जास्त. लहान वय, थोड्याच दिवसांचा लुळेपणा, लघवीवर अजून ताबा असणं, या चांगल्या खुणा. ताठ झालेले पाय पुढे ढिले पडत गेले आणि ताबा सुटला, तर डॉक्टर काळजीत पडतात.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ पासून आयसोनायझिड वापरात आलं. त्याआधी इलाज म्हणजे प्लॅस्टरच्या साच्यात दीड-दोन वर्षं निजून राहणं. कच्चीबच्ची घरी टाकून दोन वर्षं इस्पितळात निजणं कुठल्या बाईला जमणार होतं? म्हणून १९५९ मध्ये मद्रासहून आलेली बातमी आम्हाला फार मोलाची वाटते. छातीच्या टीबीचे रुग्ण घरी राहून औषध घेतात तेव्हाही सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे तिथल्या केंद्राने गरिबांच्या वस्तीत करून दाखवलं. पुढे कण्याच्या टीबीसाठी कोरियात आणि आजच्या झिंबाब्वेत अशाच चाचण्या झाल्या, आणि नेमाने औषध घेतलं तर महिनोन्‌महिने निजून राहण्याची गरज नाही असं दिसलं. मग ऑपरेशन कुणाचं करायचं? यावर वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये आपला मधला मार्ग मांडला. आधी औषध आणि विश्रांती द्यायची, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, आणि पाय सुधारत नाहीत किंवा बिघडत चालले आहेत असं दिसलं की सुरी हातात घ्यायची. आपल्याच देशातल्या गर्दीच्या वॉर्डातून निघालेला हा विचार पुढे जगभर गेला.

आता थोडं थांबून आपल्या घरात येऊ. आपल्यातली एक म्हणाली "पाठ भरून आलीय", की दुसरी म्हणते "माझी तर कायमचीच". पाण्याच्या खेपा, वाकून केलेली लावणी, बाळंतपणं, पाठ दुखायला कारणं काही कमी नाहीत, आणि बहुतेक पाठदुखी साधीच असते. पण त्याच गर्दीत एखादीची टीबीची पाठ लपून बसते. रात्री निजल्यावरही दुखणारी, संध्याकाळी कणकण आणणारी, भूक आणि वजन घेऊन जाणारी, बोटाने दाबल्यावर एकाच मणक्यावर कळ देणारी पाठ वेगळी. पायाला मुंग्या येतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, सपाट अंगणात ठेच लागते, लघवी तुंबते किंवा नकळत होते, इथपर्यंत वेळ आली तर मलम चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बसायची जागा बधिर झाली तर तासांचाही हिशेब असतो. मग ते टीबीने असो की सरकलेल्या गादीने. मणक्यांमधली गादी फुटून मागे येते आणि नसा दाबते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्येच दाखवून दिलं आहे. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कण्याच्या टीबीला ती वर्षभर किंवा त्याहूनही जास्त घ्यावी लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली की आजार उलटतो.

बाईचं दुखणं 'मनाचं' म्हणून बाजूला टाकण्याचा इतिहासही या विषयात आहेच. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर नावाचं एक भलंमोठं रुग्णालय आहे. एके काळी तिथे गरीब, म्हाताऱ्या आणि वेड्या ठरवलेल्या हजारो बायका ठेवलेल्या असत. एकोणिसाव्या शतकात शार्को नावाचे मोठे डॉक्टर तिथे हिस्टेरियाचे रुग्ण भरल्या सभेत दाखवत. हात-पाय लुळा पडलेल्या बाईचा आजार खरा की हिस्टेरियाचा, हा मोठा वाद होता. शार्कोंचे शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये त्यावर अवघ्या २८ ओळींचा मजकूर छापला. तळपायाच्या कडेने टाचेपासून वर ओरखडा काढला, की धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूत किंवा मज्जारज्जूत बिघाड असेल तर तो वर उठतो. (तान्ह्या बाळाचा अंगठाही वर उठतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याचे मज्जातंतू अजून पक्के व्हायचे असतात.) ही खूण कुणाला सोंग म्हणून आणता येत नाही. अंगठा वर उठला की दुखणं खरं, मग बाईचं असो की बाप्याचं. चावीच्या टोकाने होणारी ही तपासणी आज प्रत्येक डॉक्टर शिकतो.

मेंदूकडे धावती भेट देऊ. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं, हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. १८६१ मध्ये पॅरिसलाच पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला समजत बरंच होतं, पण तोंडातून 'टॅन' एवढाच आवाज निघायचा. तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूला पुढे एक भाग नासलेला आढळला. उजवं अंग गेलेल्या आजोबांची वाचाही का जाते, याचं उत्तर त्यात मिळालं. आणि वाचा गेली म्हणून समज गेली असं नसतं, हेही. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलताना एवढं ध्यानात असलं तर बरं.

जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावता येत नव्हतं, ही मोठी अडचण होती. १९१९ पासून पाठीतून हवा भरून मेंदूचा एक्स-रे काढत, आणि त्या हवेने रुग्णाचं डोकं असं काही दुखे की नको ती तपासणी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सीटी स्कॅनखाली पहिला रुग्ण निजला. ती एक बाई होती, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता, आणि चित्रात ती गाठ दिसली. या यंत्रामुळेच पुढे, अंगावरून वारं गेलं ते रक्तस्रावाने की गुठळीने, हे काही मिनिटांत कळायला लागलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपयोगी पडतं हे १९९५ मध्ये सिद्ध झालं, पण ते पहिल्या काही तासांतच द्यावं लागतं, आज साधारण साडेचार तासांच्या आत. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं बोबडं झालं, तर कबुतराचं रक्त चोळण्यात तो वेळ घालवायचा नाही.

आता पुन्हा कण्याकडे. अपघाताने कणा मोडला तर माणूस चालेल का, हे पहिल्याच दिवशी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्यालाही कारण आहे. मोठा धक्का बसला की मज्जारज्जू काही दिवस, कधी काही आठवडे, सुन्न पडतो. त्या काळात सगळंच मेल्यासारखं दिसतं. तो भर ओसरला की खरं चित्र कळतं. डॉक्टर तेव्हा एक गोष्ट मुद्दाम बघतात, गुदद्वाराभोवती जाणीव उरली आहे का. विचित्र वाटेल, पण या जागेच्या नसा मज्जारज्जूच्या अगदी शेवटाला असतात. तिथली खबर वर पोचत असेल, तर दोरी पूर्ण तुटलेली नाही, आणि मग सुधारण्याची आशा कितीतरी जास्त. १९६९ मध्ये इंग्लंडच्या फ्रँकेल आणि त्यांच्या सोबत्यांनी यावरून पाच पायऱ्या ठरवल्या, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे खाली काहीच नाही, ई म्हणजे पूर्ववत. त्यात सुधारणा झाल्या आहेत, पण कागदावर ती अक्षरं आजही असतात. तुमच्या माणसाच्या कागदावर कुठलं अक्षर आहे ते डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पण मैत्रिणींनो, ए लिहिलं म्हणजे संपलं का? इथेच या इतिहासातली आमची सगळ्यात आवडती गोष्ट येते.

१९१७ सालची. जर्मनीतल्या एका खाणगावच्या रुग्णालयात लुडविग गुटमन नावाचा तरुण मुलगा मदतनीस म्हणून काम करत होता. कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार आला. गुटमन त्याची माहिती टिपायला लागला, तर डॉक्टर म्हणाले, कशाला कष्ट घेतोस, काही आठवड्यांत जाईल हा. आणि तो गेलाच, पाच आठवड्यांत. कशाने गेला? मोडलेल्या कण्याने नव्हे. पाठीला चिघळलेल्या जखमांनी आणि लघवीतल्या जंतूंनी. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक असेच गेले. जाणारच, म्हणून कुणी हलवलं नाही, आणि हलवलं नाही म्हणून गेले.

गुटमन पुढे मेंदू आणि मज्जातंतूंचे नावाजलेले डॉक्टर झाले. ते ज्यू होते. हिटलरच्या राज्यात जगणं अशक्य झालं तेव्हा १९३९ मध्ये बायकामुलांना घेऊन ते इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी सरकारने त्यांच्या हाती लंडनबाहेरच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला एक वॉर्ड दिला. सैनिक यायचे ते प्लॅस्टरमध्ये करकचून बांधलेले, आणि प्लॅस्टर काढलं की आत हाडापर्यंत कुजलेल्या जखमा. गुटमन यांनी प्लॅस्टर फेकून दिलं आणि नियम घातला: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. दिवसा आणि रात्री, एकदाही न चुकता. माकडहाड, खुबे, टाचा, जिथे हाडावर नुसती कातडी असते, तिथे दाब पडून राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. जाणीवच नाही, म्हणून माणूस आपण होऊन वळत नाही. दुसऱ्याने वळवायचं. गुटमन मध्यरात्री अचानक वॉर्डात येऊन बघत, कूस बदलली की नाही.

इतिहासात नाव गुटमन यांचं झालं, ते योग्यच. पण रात्री दोन वाजता, चार वाजता, सहा वाजता त्या धिप्पाड माणसांना उचलून वळवत होत्या कोण? नर्स आणि मदतनीस. या उपचारात यंत्र नव्हतं, महागडं औषध नव्हतं. पेनिसिलिन आलं होतं, त्याची मदत झाली, पण पेनिसिलिन कूस बदलत नाही. आपल्याकडे घरात पडून असलेल्या माणसाची सून, बायको, आई हेच काम करते, आणि त्याला कुणी उपचार म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

लघवीचंही तसंच. मूत्राशय भरून राहिलं की जंतू वाढतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. स्टोक मँडेव्हिलला डॉक्टर निर्जंतुक हातमोजे घालून ठरावीक वेळी नळीने लघवी काढत. घरी ते कसं जमायचं? १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनचे जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं, की घरी साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. महत्त्व आहे ते वेळच्या वेळी मूत्राशय रिकामं करण्याला. त्यानंतर हजारो माणसं हे काम स्वतःच्या हाताने करायला शिकली.

गुटमन यांना जिवंत ठेवून भागायचं नव्हतं, त्यांना ही माणसं कामाला लागलेली हवी होती. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर त्यांनी धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. चाकाच्या खुर्चीतले सोळा जण, त्यात दोन बायका. याच रोपट्याचं पुढे पॅरालिंपिक झालं. त्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहून आणलं ते आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५ च्या युद्धात त्यांच्या कण्यात गोळी बसली होती.

आणि एक बाई. डॉ. मेरी व्हर्गीस केरळच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. जानेवारी १९५४ मध्ये सोबतच्या डॉक्टरांबरोबर सहलीला जाताना गाडी उलटली. वय तिशीच्या आत. कमरेखालचं अंग गेलं, चेहऱ्यालाही मोठी इजा. तिथले शल्यवैद्य पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते, हे त्यांनी मेरीबाईंना सुचवलं. मग मेरीबाई खुर्चीत बसून ऑपरेशन करायला लागल्या. ज्यांना चालता येत होतं पण हात चालत नव्हते, अशांचे हात त्यांनी दुरुस्त केले. त्यांच्या मनात मात्र वेगळंच घोळत होतं. स्वतःच्या उपचारासाठी त्या ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्या, तिथे अशा माणसांना पुन्हा उभं करण्याचं शास्त्र पाहिलं, आणि न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे जाऊन तेच शिकल्या. आपल्याकडे मुंबईत हाजीअलीला याच कामाची सरकारी संस्था १९५५ मध्ये सुरू झाली होती, पण एवढ्या मोठ्या देशाला ती कितीशी पुरणार?

मेरीबाई वेल्लोरला परतल्या आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९६६ मध्ये गावाबाहेर बागायमला त्यांची पुनर्वसन संस्था उघडली. कणा मोडलेली माणसं तिथे राहायला येतात. पलंगावरून खुर्चीत कसं सरकायचं, हाताच्या जोरावर अंग उचलून पाठीचा दाब कसा कमी करायचा, आरशात पाहून स्वतःची कातडी रोज कशी तपासायची, नळी कशी धुवायची, हे शिकून घरी जातात. सोबत घरातलं एक माणूस राहतं, त्यालाही हे सगळं शिकवतात. १९७२ मध्ये मेरीबाईंना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये त्या गेल्या, अपघातानंतर बत्तीस वर्षांनी. संस्था अजून चालू आहे.